उंबरवाडीचा निरोप

लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनकडून येणारा रस्ता वळतो त्या कोपऱ्यावर दस्तगीरचं सायकलींचं दुकान होतं. पुढे पत्र्याचं छप्पर, आत अंधारी खोली, छताला उलट्या टांगलेल्या दोन-तीन सायकली आणि बाहेर भाड्याने द्यायच्या चार. सहा वर्षं तो रेल्वेच्या शेडमध्ये फिटरच्या हाताखाली होता. नट कुठवर आवळायचा आणि कुठे थांबायचं हे तिथे शिकला. १९२९ साली शेड सोडून त्याने हे दुकान टाकलं.

माणूस मुळात सावध होता असं नाही. दोन वर्षांनी एक गोष्ट घडली, तेव्हापासून तो तसा झाला. मुंबईहून हवापालटाला आलेला एक गृहस्थ घाईघाईत सायकल भाड्याने घेऊन गेला. पुढच्या ब्रेकचा नट दस्तगीरने नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. पाना लावायचा, तर गिऱ्हाईक उभं राहायला तयार नव्हतं. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. गृहस्थ पडला, मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. तो बिचारा सगळ्यांना सांगत राहिला, मीच वेगात होतो म्हणून. नटाचं दस्तगीरखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर अर्धवट तयार सायकल त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडली नाही. गिऱ्हाईक ओरडो, परत जावो, त्याची बायको खुर्शीदा चिडो, तो पुन्हा एकदा सगळे नट तपासायचा आणि मगच सायकल हातात द्यायचा.

रखमाजी त्याचा दोस्त झाला तो सायकलीमुळेच. रखमाजी औंढ्याचा. घरी तीन म्हशी. पहाटे धार काढायची, हँडलला दोन किटल्या अडकवायच्या आणि लोणावळ्यातल्या बंगल्यांना दूध घालायचं, ते नऊपर्यंत उरकायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. सकाळचं दूध संपलं की रिकाम्या किटल्या दुकानाच्या पायरीवर ठेवून तो तासभर दस्तगीरशी बोलत बसायचा. खुर्शीदा आतून चहा पाठवायची. दोघांची वयं सारखी, तिशीच्या जरा पुढची. रखमाजी फार बोलका नव्हता, पण जे बोलायचा ते दस्तगीरला आवडायचं. दुकानात दिवसभर माणसं येत, पण बसायला येणारा हा एकच.

१९३६च्या दिवाळीनंतर रखमाजीने बहिणीचा विषय काढला. बयाबाई त्याची धाकटी बहीण, लोहगडाच्या पलीकडे पवन मावळात उंबरवाडीला दिली होती. आईच्या तेराव्याला आली होती, त्याला पाच वर्षं झाली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बयाबाईला घर सोडता येत नव्हतं. मधल्या काळात तिला मुलगी झाली, शालू. मामाने भाचीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

अडचण एकच होती, म्हशी. औंढ्याहून लोहगडवाडी, तिथून खिंड उतरून उंबरवाडी, पायी चार तास. जाऊन येऊन दिवस संपला, आणि संध्याकाळची धार चुकली. मळवलीपर्यंत रेल्वेने जावं तर पुढचा चढ-उतार पायीच, शिवाय परतीच्या गाडीची वेळ जुळत नव्हती. मुंबई-पुणे रस्त्याने सोमाटण्यापर्यंत जाऊन नदीकाठाने वर यायचं म्हटलं तर मोठाच फेरा. रखमाजी म्हणाला, सायकलने रानातूनच गेलं तर? सकाळचं दूध घालून निघायचं, दोन तासांत पोचायचं, जेवायचं, आणि धारेच्या वेळेला घरी.

दस्तगीरने ते ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तो स्वतः लोणावळ्याबाहेर फारसा कधी गेला नव्हता. म्हणाला, मीही येतो. पण रस्ता बघितल्याशिवाय नाही.

दुकान शुक्रवारी बंद असे. पुढच्या तीन शुक्रवारी दस्तगीर ती वाट पायी हिंडला. टायर ज्या खाकी कागदात गुंडाळून येतात, त्यातला एक लांब कागद कापून त्यावर त्याने सगळी वाट पेन्सिलीने काढली. औंढ्याच्या वर ऐन-हिरड्याचं दाट रान, तिथे मुळं वर आलेली, तिथे उतरून चालायचं. त्यापुढे अर्धा मैल सपाट, पालापाचोळा पडलेला, तिथे बसता येईल. मग करवंदीच्या जाळ्या. काटे टायरमध्ये घुसणार, म्हणून आतून जुन्या ट्यूबची पट्टी घालायची. लोहगडवाडीत रतनबाई नावाची एक म्हातारी दारात बसलेली असायची, तिने त्याला ताक दिलं आणि पलीकडच्या उताराची माहिती दिली. खिंड उतरलं की उंबरवाडीच्या अलीकडे पाणथळ जमीन लागते, म्हणाली. डोंगरातले झरे तिथे जिरतात, माघापर्यंत जमीन सुकत नाही. लव्हाळं माणसाच्या कमरेएवढं वाढतं. माणूस बांधावरून जातो, पण सायकल कशी नेणार ते तिला सांगता येईना.

हे पाणथळ दस्तगीरच्या डोक्यात बसलं. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. थांबत थांबत वाट कागदावर काढायची, त्यात खिंडीपलीकडे उतरून पुन्हा चढून यायला एक दिवस पुरत नव्हता. पण रोज सकाळी तो रखमाजीला त्याबद्दल काहीतरी नवं सांगायचा. चिखल मडगार्डात अडकून चाक थांबेल, म्हणून मडगार्ड काढायचे. सायकल खांद्यावर घ्यावी लागली तर दांडा रुतेल, म्हणून जाड पट्टा शिवायचा. माघ उलटला तेव्हा पाणथळ सुकलं असणार, पण तोवर डोंगरात वणवे लागायला सुरुवात झाली होती, आणि धुरातून जाणं दस्तगीरला पटेना. मग ऊन, मग पाऊस. रखमाजी म्हणाला, बरं, पुढल्या साली.

पुढच्या साली तयारी आणखी नेटाने झाली. दस्तगीरने दोन्ही सायकलींचे मडगार्ड काढले, घंट्यासुद्धा काढून ठेवल्या. तागाच्या पट्ट्यात चिंध्या भरून खांद्याला लावायच्या गाद्या खुर्शीदाने शिवून दिल्या. औंढ्याच्या ओढ्याकाठच्या ओल्या जागेत एका शुक्रवारी दोघांनी सायकली घालून पाहिल्या. दस्तगीर दहा पावलांत आडवा झाला. रखमाजी किटल्यांचं ओझं रोज सांभाळणारा, तो चिखलातून पार गेला आणि पलीकडे उभा राहून इतका हसला की त्याची बायको कस्तुराबाई घरातून बघायला आली. तो दिवस दस्तगीरला फार आवडला. घरी आल्यावर कपड्यांवरचा चिखल त्याने लगेच झटकला नाही.

पण निघायचा दिवस ठरेना. एकदा चेन ढिली वाटली, एकदा रखमाजीच्या मागच्या रिममध्ये बाक सापडला. तारा काढून पुन्हा बसवण्यात आठवडा गेला. खुर्शीदा एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "तुम्हाला जायचंय की नुसतं ठरवायचंय?"

दस्तगीर हसला. पण ते वाक्य त्याला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. रोज सकाळचा तो तास, तो खाकी कागद मांडीवर पसरून बसणं, रखमाजीचं मान डोलावणं, हे सगळं एकदा उंबरवाडीला जाऊन आलं की संपणार होतं. हे तो स्वतःशीही धड बोलला नाही. पुष्कळ वर्षांनी त्यानेच ते खुर्शीदाला सांगितलं.

उंबरवाडीची धोंडाबाई अधूनमधून लोणावळ्याला बाजाराला यायची. मळवलीला गाडीत बसायची, स्टेशनवर उतरायची, आणि दुकानावरून जाताना बयाबाईची खुशाली सांगायची. भाऊ सायकलवर बसून डोंगर उतरणार हे एव्हाना वाडीत सगळ्यांना माहीत झालं होतं. बयाबाई मुलीला सांगायची म्हणे, की तुझा मामा एक दिवस गाडीवर येईल.

१९३८च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी धोंडाबाई आली. रखमाजी केव्हाच औंढ्याला परतला होता. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली नाही, उभ्या उभ्याच बोलली.

"बायाला बरं न्हाई. छातीत दुखतंय म्हनती, ताप बी हाय. तिनं सांगितलंय, दादाला म्हनावं सायकलीचं ऱ्हाऊ दे. चालत ये."

दस्तगीरने विचारलं, फार आहे का?

"मला काय कळतंय? पन असं कधी म्हनली न्हवती ती."

ती गेली. दस्तगीर हातातला पाना घेऊन बसून राहिला. येत्या रविवारचा बेत पक्का झाला होता. शेवटी एकदाचा पक्का झाला होता. पुण्याहून एक टायर शुक्रवारी यायचा होता, तेवढंच बाकी. निरोप जसाच्या तसा सांगितला तर रखमाजी उद्याच पायी निघेल, आणि मग रविवारी जायला कारण उरणार नाही. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. थंडीत छाती कुणाचीही भरते. असं तो मनाशी जुळवत गेला, आणि जुळत गेलं.

बुधवारी सकाळी रखमाजी आला तेव्हा दस्तगीर म्हणाला, "धोंडाबाई आली होती. बहिणीने आठवण काढलीय. तब्येत जरा नरम आहे म्हणे. रविवारी जातोच आहोत आपण."

रखमाजी म्हणाला की तिच्यासाठी कस्तुराबाईने मेथीचे लाडू करायला घेतलेच आहेत. आणि दोघांनी पुन्हा कागद उघडला.

टायर शुक्रवारी आला. दस्तगीरने त्याच दिवशी, सुट्टीच्या दिवशी, तो बसवला. शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला रखमाजी बाजारात दूध घालत असताना उंबरवाडीचा एक माणूस त्याला शोधत आला. त्याने रखमाजीला बाजूला नेलं. दस्तगीर दुकानातून बघत होता. रखमाजीने सायकल भिंतीला टेकवली, एक किटली अजून भरलेली होती, ती आणि रिकामी अशा दोन्ही आणून दुकानाच्या पायरीवर ठेवल्या, आणि म्हणाला, "बाया गेली."

दस्तगीर उठला. सायकल तयार आहे, ती घेऊन जा, असं काहीतरी म्हणाला. रखमाजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या माणसाबरोबर तो चालत निघाला. उरलेलं दूध दस्तगीरने स्वतः दोन बंगल्यांना नेऊन घातलं, आणि औंढ्याला जाऊन कस्तुराबाईला सांगितलं. संध्याकाळची धार तिने आणि जावेने काढली. कुणाला काही जड गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही त्या दोघींनीच दूध पोचवलं.

रखमाजी दुकानात आला तो बहिणीचं तेरावं झाल्यावर, पंधरा-सोळा दिवसांनी. बसला नाही. चहा घेतला नाही.

"बायानं चालत ये म्हनून सांगितलं व्हतं का?"

दस्तगीर म्हणाला, "हो."

"तुला?"

"धोंडाबाईने मला सांगितलं. मी तुला तेवढं सांगितलं नाही. रविवार पाच दिवसांवर होता."

रखमाजी रस्त्याकडे बघत म्हणाला, "तू सांगितलं असतंस तरी कदाचित मी दुधाचंच बघितलं असतं. मला माझी खात्री न्हाई. पन ते मला ठरवू द्यायचं व्हतंस."

तो गेला, आणि नंतर त्या दुकानात बसायला आला नाही. सायकल दुरुस्तीला तो खंडाळ्याला नेऊ लागला. सकाळी दुकानावरून जाताना दस्तगीर दिसला तर मान हलवायचा. तेवढं त्याने कधी सोडलं नाही. दस्तगीरला ते न बोलण्यापेक्षा जड वाटायचं.

तीन वर्षं गेली. लढाई सुरू झाली. बंगल्यांतली वर्दळ वाढली, भाड्याच्या सायकली चारांच्या सहा झाल्या. नऊ वाजले की दस्तगीर काहीतरी काम काढून आतल्या खोलीत जाऊन बसे. खुर्शीदाने अनेकदा सांगितलं, औंढ्याला जा, पाय धर त्याचे. तो हो म्हणायचा.

१९४१च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी, कुणाला न सांगता, तो एकटाच सायकल घेऊन निघाला. मडगार्ड काढले नाहीत, खांद्याची गादीही घेतली नाही. औंढ्याच्या रानात मुळांवरून उतरून चालला, सपाटीवर बसला, करवंदीत एकदा पंक्चर झालं ते झाडाखाली बसून काढलं. लोहगडवाडीत रतनबाई राहिली नव्हती. खिंड उतरून तो त्या पाणथळापाशी आला, आणि थांबला.

दोन हिवाळे ज्याच्याबद्दल बोलण्यात गेले ते हे. लव्हाळं होतं, मध्ये मध्ये काळं पाणी चमकत होतं, दोन बगळे उभे होते. बांध अरुंद होता, पण होता. सायकल एका बाजूने, पाण्याच्या कडेने ढकलत आणि आपण बांधावरून चालत, तो पलीकडे गेला. चाकं निम्मी चिखलाने भरली, एकदा बूट रुतला. पंधरा मिनिटांत तो कोरड्या जमिनीवर होता. पलीकडे एक दगड होता, त्यावर तो बसला आणि उठवेना. बांधावरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली आणि त्याच्या समोरून, त्याने घेतला त्याच्या निम्म्या वेळात, पार होऊन गेली.

उंबरवाडीत बयाबाईचा नवरा महिपती खळ्यावर होता. दस्तगीरने नाव सांगितलं, लोणावळ्याचा सायकलवाला. महिपतीने पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. चांगला वागला, पण रखमाजीचं नाव निघताच त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, मेव्हण्याचा आणि आमचा आता संबंध नाही. बायको तापात दादा दादा करत गेली. निरोप पाठवला होता, चालत ये म्हणून. आला नाही. तेराव्याच्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, तर आधी म्हणाला असा निरोप मिळालाच नाही. मी म्हटलं धोंडाबाईने सायकलीच्या दुकानात सांगितलाय, तेव्हा गप्प झाला. मान खाली घालून बसला. मग काय समजायचं माणसाने? पोरीला मी त्याच्या दारात पाठवत नाही.

म्हणजे रखमाजीला तिथेच, त्या बैठकीतच कळलं होतं, निरोप कुठे अडला ते. आणि इतक्या माणसांसमोर, स्वतः खोटा ठरत असताना, त्याने दस्तगीरचं नाव घेतलं नव्हतं.

त्याने महिपतीला सगळं सांगितलं. टायर, रविवार, सगळं. खळ्याच्या कडेला सातेक वर्षांची शालू एका हाताने सायकलचं पायडल फिरवून बघत होती, मागचं चाक गरगरत होतं.

"तुमी आत्ता येऊन सांगताय," शेवटी महिपती म्हणाला. "तीन वरसं मी त्या मानसाला शिव्या दिल्या."

महिपतीने त्याला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, पण जेवताना तो शेजारी बसला नाही.

शिमग्याच्या आधी महिपती मुलीला घेऊन औंढ्याला गेला. मेव्हण्याशी काय बोलला ते कुणाला कळलं नाही. मुलगी महिनाभर मामाकडे राहिली. त्यातल्या एका सकाळी रखमाजी दुकानासमोर थांबला. किटल्या रिकाम्या होत्या.

"महिपती येऊन गेला," तो म्हणाला. "पोरगी हाय हितं."

"बस ना," दस्तगीर म्हणाला.

"दूध घालायचंय."

दोघांनाही रिकाम्या किटल्या दिसत होत्या. दस्तगीर पायरी उतरून खाली आला. त्याला माफीचं एक वाक्य बोलायचं होतं, तीन वर्षं तयार करून ठेवलेलं. पण त्याच वेळी एक गिऱ्हाईक सायकल परत द्यायला आलं आणि रखमाजी पायडलवर पाय ठेवून निघून गेला.

ते वाक्य रस्त्यावर उभ्या उभ्या बोलायचं नव्हतं, म्हणून दस्तगीर १९४४च्या उन्हाळ्यात औंढ्याला गेला. रखमाजी म्हशी घेऊन डोंगरात गेलेला होता. कस्तुराबाईने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, खुर्शीदाची चौकशी केली. तासभर वाट पाहून तो उठला. कस्तुराबाईने विचारलं, काही निरोप आहे का. तो म्हणाला, निरोप नाही, मी पुन्हा येईन. पण त्या वर्षी पावसात त्याला दमा लागला, चढ चढवेना, आणि ते जाणं पुन्हा कधी झालं नाही.